प्रदूषण बोर्डाचा हवेचा कायदा आपल्या वावरापर्यंत कसा पोचला

दिवाळीनंतर वणी-चंद्रपूरकडच्या कोणत्याही कोळशाच्या रस्त्यालगतच्या वावरात जा, पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पानावरून बोट फिरवा, बोट काळं होते. आमच्या धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, लागून एक कोळसा डेपो आहे, नाव लिहत नाही. हायवा, म्हणजे मोठे टिप्पर, दिवसरात्र चालतात आणि रस्त्याकडच्या पाच-सहा ओळींतला कापूस करडा निघतो, आई तो वेगळ्या गाठोड्यात बांधते, चांगल्यात मिसळू देत नाही. मागच्या साली काट्यावर व्यापाऱ्यानं ते गाठोडं सोडून चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, धागा चांगला हाये, पण रंग पाहा ना, कटती लागन." कटती म्हणजे भावात कपात. आई काहीच बोलली नाही, गाठोडं परत बांधलं.

असं झालं की पारावर एकच प्रश्न निघतो, प्रदूषण बोर्ड, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, करते तरी काय? मला वाटते प्रश्न थोडा वेगळा विचारला पाहिजे, हे बोर्ड मुळात कशासाठी काढलं होतं? कारण त्याचा जन्म कुठं झाला ते कळलं की आपल्या गावचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर का फिरतो तेही बरंच कळते.

महाराष्ट्रानं पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या पाच वर्षं आधी, ही आपल्या राज्याची मोठीच गोष्ट आहे. त्याच कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० ला बोर्ड उभं राहिलं. नावातच पाणी होतं, म्हणजे कारखान्याचा पाइप कुठं सुटतो, नदीनाल्यात काय सोडतो, एवढंच काम. धूर, धूळ, राख यातलं काहीच त्या कायद्यात नव्हतं. मग १९७२ ची स्टॉकहोमची जागतिक परिषद झाली, आणि १९७४ मध्ये केंद्राचा पाण्याचा कायदा आला. पण पाणी हा घटनेनुसार राज्याचा विषय, त्यामुळे राज्यानं ठराव करून तो कायदा घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे आधीच एक असल्यामुळे महाराष्ट्रानं तो १९८१ मध्ये घेतला.

आता याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते याच्या शेजारी ठेवून पाहा. कोराडीचं वीज केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. वेकोलि, म्हणजे कोळसा खाणींची वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी, १९७५ ला आली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ चा. म्हणजे चिमण्या उभ्या राहत होत्या, खाणी उघडत होत्या, आणि हवेचा अख्ख्या देशासाठीचा कायदा आला १९८१ मध्ये. तोसुद्धा सगळीकडे एकदम लागू झाला नाही. या कायद्यात एक अट आहे, राज्य सरकारनं एखादा भाग "वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र" म्हणून जाहीर केला तरच तिथल्या कारखान्याला हवेसाठी बोर्डाची परवानगी, म्हणजे आपण ज्याला कन्सेंट म्हणतो ती, घ्यावी लागते. महाराष्ट्रात १९८३ मध्ये काही भाग जाहीर झाले, आणि अख्खं राज्य त्यात आलं ते थेट ६ नोव्हेंबर १९९६ ला.

१९७० ते १९९६, सव्वीस वर्षं. ही तारीख मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोनदा वाचली. माझ्या आजोबांची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली, आणि त्या काळात खेड्यावर धूळ पडली तर कोणत्या कलमाखाली विचारायचं हेच धड नव्हतं. लोक गप्प बसले असं नाही, विचारायला जागाच उशिरा झाली.

मधल्या काळात १९८४ चं भोपाळ झालं आणि त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. हा छत्रीसारखा आहे, याच्याखाली मग घातक कचऱ्याचे नियम, दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम, राखेची अधिसूचना असं एकेक येत गेलं आणि बहुतेकांची अंमलबजावणी राज्याच्या बोर्डाकडेच सोपवली गेली. जे बोर्ड पाइप तपासायला काढलं त्याच्याकडे आता चिमणी, राख, दवाखाना, प्लास्टिक, फटाक्याचा आवाज सगळंच. सिमेंटच्या कारखान्यापासून तर राइस मिलपर्यंत सगळे त्याच्याच दारात. विदर्भात त्याची प्रादेशिक कार्यालयं तीन, नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर, आणि अकरा जिल्हे. पैशाचंही सांगतो, १९७७ पासून पाण्यावर सेस, म्हणजे उपकर, होता, कारखाने आणि नगरपालिका भरायच्या आणि त्यातला वाटा बोर्डाला यायचा, तो २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी बंद झाला. आता मुख्य कमाई कन्सेंटच्या फीची. ज्याला तपासायचं त्याच्याच फीवर चालायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

राखेचा इतिहास तर आपल्याच मातीत लिहिलेला आहे. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राखड मागं उरते. ती पाण्यात कालवून पाइपानं तलावात सोडतात, उन्हाळ्यात तलाव सुकला की वाऱ्यानं उडते आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावर जोर येतो. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्रानं पहिली अधिसूचना काढली, वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्टीनं मातीत निदान २५ टक्के राख मिसळायची. २००३ मध्ये ५० चे १०० झाले, २०१६ मध्ये ३००. त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रानं राख वापराचं स्वतःचं धोरण आणलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. शेवटी ३१ डिसेंबर २०२१ ला नवी अधिसूचना आली, राख शंभर टक्के वापरा, नाही वापरली तर टनामागं १,००० रुपये भरपाई.

कागद असा घट्ट होत गेला आणि जमिनीवर काय झालं? पारशिवनी तालुक्यात नांदगावच्या तलावात राख सोडणं सुरू झालं, घराघरात राखड उडायला लागली, गावकऱ्यांनी आवाज उठवला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे तिथं आले आणि राख टाकणं थांबवायला लावलं. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडीच्या खसाळा राख तलावाचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी नाल्यातून शेतात आणि नदीकडे गेलं. वावरावर राखेचा गाळ बसला की तो नुसता वाळून जात नाही, वर पापडी धरते, वखर चालवला तरी ती तुकड्यातुकड्यानं निघते. ज्याच्या वावरात झालं त्यालाच विचारा.

चंद्रपूरचं नाव देशभर गेलं ते २००९ मध्ये. केंद्रीय बोर्डानं आयआयटी दिल्लीसोबत औद्योगिक भागांना शंभरपैकी गुण दिले, जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण, ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, देशात चौथा नंबर. त्यात घुग्घुस, ताडाळी, बल्लारपूर सगळं धरलेलं होतं. जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ भागांत नव्या प्रकल्पांवर बंदी आली, राज्याच्या बोर्डानं ॲक्शन प्लॅन केला, बंदी नंतर उठली.

आणि मग २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला त्यात आहेत. सगळी शहरं आहेत हे लक्षात घ्या, पैसा महानगरपालिकांकडे जातो, रस्ता झाडायच्या मशिनी, फवारे, तेही लागतेच, शहरातली लेकरंही आपलीच. पण कोळसा ज्या रस्त्यानं शहराकडे जातो तो रस्ता खेड्यातून जातो, आणि खेडं त्या यादीत नाही. कचऱ्याचंही तसंच झालं, २००० चे घनकचऱ्याचे नियम शहरांपुरतेच होते, ग्रामपंचायतीवर जबाबदारी आली ती २०१६ च्या प्लास्टिकच्या नियमात. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ ची, ती मात्र सगळ्यांना, पहिल्यांदा सापडलं की ५,००० रुपये दंड.

खेड्यासाठी म्हणून खरी सुरुवात केली ती माझी वसुंधरा अभियानानं, २ ऑक्टोबर २०२० पासून. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वांची मांडणी, झाडं, पाणी, सौरऊर्जा यावर गुण आणि वर आलेल्या गावाला बक्षीस. आमच्या सरपंचताईंनी त्यात भाग घ्यायला लावला, शाळेच्या पोरांनी रोपं लावली, चांगलंच काम आहे. फक्त डेपोची धूळ कमी करायला त्यात जागा नाही. त्यासाठी खरा पैसा जिल्हा खनिज निधीत आहे, २०१५ पासूनचा, जिथं खाण तिथल्या बाधित गावांसाठी. त्यातला मोठा वाटा ज्या कामांवर खर्च करायचा असतो त्यांत पिण्याचं पाणी, आरोग्य आणि प्रदूषण नियंत्रण येते. तो बोर्डाकडे नसतो, ग्रामसभेचा ठराव घेऊन कलेक्टर ऑफिसात मागावा लागतो.

राहिली जनसुनावणी. मोठ्या प्रकल्पासाठी ती १९९७ मध्ये सक्तीची झाली आणि २००६ च्या अधिसूचनेनं आजचं रूप आलं. भरवते बोर्ड, बसतात कलेक्टर किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी, नोटीस निदान ३० दिवस आधी, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत द्यावाच लागतो. व्हिडिओ शूटिंग होते, आणि उठायच्या आधी इतिवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवायचं असते, हे फार कमी जणांना माहीत आहे. तिथं मंजुरी ना बोर्ड देते ना कलेक्टर, ते फक्त तुमचं म्हणणं वर पाठवतात, म्हणून म्हणणं कागदावर बरोबर उतरलं की नाही हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. एका सुनावणीत आमच्या मावशीनं पदरातून काळा कापूस काढून टेबलावर ठेवला होता, सगळा मंडप शांत झाला. इतिवृत्त वाचताना त्यात कापूस नव्हता. सरपंचताई उभ्या राहिल्या, "साहेब, कापसाचं लिहा." लिहिलं.

आता डेपोचं. पुतण्यानं मोबाइलवर बोर्डाच्या साइटवरून त्याच्या कन्सेंटची कॉपी काढली, इंग्रजीत होती, पोरानं ग्रामसभेत मराठीत सांगितली. ढिगावर पाण्याचा फवारा, गाडीवर ताडपत्री, चारी बाजूनं झाडांचा पट्टा, अशा अटी आहेत. धुऱ्याच्या बाजूला एकही झाड नाही. या वेळच्या अर्जात आम्ही "धूळ येते" असं लिहिलं नाही, अटीचा नंबर लिहिला, खाली धुऱ्याचा फोटो लावला आणि व्यापाऱ्याची कटतीची पावती जोडली.