गंगा कालवा : आडव्या येणाऱ्या पाण्याचे शास्त्र

1837-38 च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात, म्हणजे या दोन नद्यांमधल्या प्रदेशात, सुमारे 8 लाख माणसे दगावली आणि कंपनी सरकारचा शेतसाराही बुडाला. त्यानंतरच हरिद्वारपाशी गंगेचे पाणी वळवून ते दुआबात खेळवण्याची योजना सरकारने गांभीर्याने हाती घेतली. तोफखान्यातील अधिकारी प्रोबी कॉटली याने पाहणी केली, 1842 मध्ये खोदकाम सुरू झाले, मधली काही वर्षे ते रखडले आणि अखेर 8 एप्रिल 1854 रोजी रुडकी येथे कालव्यात पाणी सोडले गेले.

या कालव्याचे वर्णन करताना सहसा त्याची लांबी सांगितली जाते. माझ्या मते त्याची खरी कसोटी हरिद्वार ते रुडकी या पहिल्या सुमारे 30 किलोमीटरमध्ये लागली. दोन्ही बाजूंच्या शेतांना पाणी आपोआप उतरत जावे म्हणून कालवा दुआबाच्या उंच कण्यावरून न्यावा लागतो. पण त्या कण्यापर्यंत पोहोचेपर्यंत शिवालिक टेकड्यांतून उतरणारे ओढे त्याला आडवे येतात. हे ओढे एरवी कोरडे असतात आणि पावसाळ्यात दगडगोटे व वाळू घेऊन लोंढ्यासारखे येतात.

असे चार मोठे प्रवाह होते. रानीपूर आणि पथरी या दोन ठिकाणी ओढ्याचे पात्र कालव्यापेक्षा उंच होते, म्हणून ओढाच रुंद पक्क्या बांधकामावरून पलीकडे नेला आणि कालवा त्याच्या पोटाखालून काढला. रतमऊ नदीची आणि कालव्याची पातळी जवळजवळ सारखी असल्याने तिथे वर-खाली जाण्याचा मार्गच नव्हता. धनौरी येथे नदी एका बाजूने सरळ कालव्यात शिरते आणि समोरच्या बाजूच्या दरवाजांतून बाहेर पडते. पूर आला की हे दरवाजे उघडायचे आणि पुढे जाणाऱ्या कालव्याचे दरवाजे आवरायचे, म्हणजे गाळाचे पाणी नदीच्याच वाटेने निघून जाते. चारांपैकी हीच जागा मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण इथला तोल दरवाजे चालवणाऱ्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून आहे. शेवटची सोलानी मात्र खोल, रुंद खोऱ्यातून वाहते. ते खोरे ओलांडण्यासाठी जवळपास 3 मैलांचा मातीचा भराव आणि प्रत्येकी 50 फूट गाळ्याच्या 15 कमानींचा जलसेतू, म्हणजे कालवा वाहून नेणारा पूल, उभारावा लागला. याच कामावर 1851 मध्ये माती वाहण्यासाठी वाफेचे इंजिन वापरले गेले, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वेच्याही आधी. कालव्यासाठी प्रशिक्षित माणसे हवीत, या गरजेतूनच 1847 मध्ये रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले.

कालव्यामुळे हिवताप वाढेल, अशी भीती त्या काळीही होती. वारंवार हिवताप झाला की पोटातली प्लीहा (पाणथरी) वाढते; म्हणून ही भीती तपासणाऱ्या समितीतील डॉक्टर डेम्पस्टर यांनी जुन्या पश्चिम यमुना कालव्याकाठच्या गावांत पोट चाचपून किती जणांची प्लीहा वाढली आहे हे मोजले. हिवतापाचे प्रमाण ठरवण्याची ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली. पाण्याचा नैसर्गिक निचरा जिथे अडला होता तिथे आजार अधिक आढळला. कालवा उंच कण्यावरून नेण्याला त्यामुळे आणखी एक कारण मिळाले.

उताराचा हिशेब मात्र चुकला होता. उतार जास्त असेल तर पाण्याचा वेग वाढून तळ खरवडला जातो आणि कमी असेल तर गाळ बसतो. कॉटलीने जादा उतार तोडण्यासाठी जागोजागी पायऱ्यांसारखे धबधबे बांधले होते, तरीही उरलेला उतार वाळूमिश्रित मातीला झेपला नाही. तळ खचू लागला, धबधब्यांच्या पायथ्याचे बांधकाम उखडले आणि 1860 च्या दशकात दुरुस्तीचे मोठे काम निघाले. गाळही बसू नये आणि तळही खरवडू नये असा वेग कोणता, याचे मोजमापावर आधारलेले सूत्र 1895 मध्ये केनेडी या अभियंत्याने मांडले. पंजाबातील अपर बारी दुआब कालव्याच्या स्थिरावलेल्या भागांत मापे घेऊन त्याने दाखवले की हा वेग पाण्याच्या खोलीबरोबर वाढतो, पण खोली दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट लागत नाही. तो सुमारे दीडपटच पुरतो.