शून्य लिहायला किती बाइट लागतात?

रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागेत, शून्य भरायचं आहे, एवढंच काम. एक्स-८६ प्रोसेसरवर त्यासाठी ‘मूव्ह’ ही सूचना वापरली तर ती ५ बाइटची होते: एक बाइट हुकमाचा, उरलेले चार नुसत्या शून्यांचे. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्रसूचनांत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, सहसा तसं करत नाही. तो त्या रजिस्टरची त्याच्याशीच ‘एक्सॉर’ करतो: दोन संख्यांचे बिट ताडून, फरक असेल तिथेच १ ठेवणारी ही क्रिया. कुठलीही संख्या स्वतःशी एक्सॉर केली की शून्यच उरतं, आणि ही सूचना २ बाइटमध्ये बसते. मात्र एक्सॉरमुळे प्रोसेसरचे फ्लॅग, म्हणजे आधीच्या क्रियेचा निकाल नोंदवणारे बिट, बदलतात. पुढची एखादी सूचना आधीच्या तुलनेच्या निकालावर विसंबून असेल, तर तो निकालच पुसला जाईल. म्हणून हे तीन बाइट वाचवण्याआधी कंपायलरला पुढचा कोड तपासावा लागतो.

तीन बाइटसाठी एवढा खटाटोप का? एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश मेमरी आहे ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. प्रोग्रॅम त्याहून एका बाइटने जरी मोठा झाला तरी तो चिपवर चढत नाही. आणि ज्या संगणकात कित्येक गिगाबाइट मेमरी आहे, त्याच्याही प्रोसेसरमधली सूचनांची सर्वांत जवळची कॅश (झटपट वाचता येणारी छोटी मेमरी) अनेकदा ३२ किलोबाइटचीच असते. सतत लागणारा कोड तिच्यात मावला नाही, तर प्रोसेसर सूचना येण्याची वाट पाहत थांबतो. त्यामुळे आटोपशीर कोड कधी कधी वेगवानही ठरतो.

तरी वेग आणि आकार यांचं नेहमी जमतंच असं नाही. लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) उलगडून त्याच्या आतला मजकूर चार वेळा लिहिला की वेग वाढू शकतो, पण कोड फुगतो. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये म्हणूनच ‘-ओएस’ हा पर्याय आहे: वेगाकडे लक्ष ठेव, पण आकार वाढवणारे उपाय टाळ. ‘-ओझेड’ त्याहून कडक. रजिस्टरमध्ये १ भरायचा असेल, तर मूव्हला पुन्हा ५ बाइट लागतात. ‘-ओझेड’ दिल्यावर क्लँग १ हा आकडा स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर) ढकलतो आणि लगेच रजिस्टरमध्ये काढून घेतो: २ अधिक १, एकूण ३ बाइट. मेमरीत एक हेलपाटा वाढतो, तो चालवून घ्यायचा.

या सगळ्यांत मला सर्वांत सुंदर वाटतं ते आउटलायनिंग. क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएम प्रकल्पात २०१७ साली आलेलं हे तंत्र, सगळं भाषांतर होऊन यंत्रसूचना तयार झाल्यावर, त्यांच्याकडे एका लांबलचक अक्षरमाळेसारखं पाहतं. सफिक्स ट्री (माळेच्या सगळ्या शेपट्यांची झाडासारखी मांडणी) ही रचना वापरून त्या माळेत पुन्हा पुन्हा येणारे तुकडे हुडकतं, प्रत्येक तुकड्याचं वेगळं फंक्शन (हवं तिथून बोलावता येणारा कोड) करतं आणि मूळ जागी फक्त ‘कॉल’, म्हणजे त्याला बोलावणारी सूचना, ठेवतं.

पण प्रत्येक तुकडा उचलण्याजोगा नसतो. एक्स-८६ वर कॉलला ५ बाइट लागतात आणि परत येण्याच्या ‘रेट’ला १. समजा १२ बाइटचा तुकडा चार ठिकाणी आहे, म्हणजे एकूण ४८ बाइट. तो बाहेर काढला तर चार कॉलचे २०, फंक्शनचे १३, मिळून ३३. पंधरा बाइट वाचले. ८ बाइटचा तुकडा दोनच ठिकाणी असेल तर? आधी १६ होते, आता १० अधिक ९, म्हणजे १९. तोटाच! हा हिशेब प्रत्येक तुकड्यासाठी होतो. शिवाय कॉलमुळे परतीचा पत्ता स्टॅकवर जातो आणि स्टॅकवरच्या वस्तूंची अंतरं सरकतात, त्यामुळे तिथून वाचणाऱ्या सूचना निष्काळजीपणे हलवता येत नाहीत.

काही बचत लिंकरच्याच, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतरित फाइली जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच, हातात असते, कारण सगळ्या फाइली एकत्र त्यालाच दिसतात. ज्या फंक्शनपर्यंत कुठूनच पोचता येत नाही, ती तो टाकून देतो. काही लिंकर बाइट-न्-बाइट सारखी असलेली फंक्शनंही एकच ठेवतात. सी++ या भाषेच्या टेम्प्लेटमध्ये (एकाच साच्यातून वेगवेगळ्या प्रकारांसाठी कोड बनवण्याची सोय) ही वेळ वरचेवर येते: पूर्णांकांच्या पॉइंटरांची (मेमरीतल्या पत्त्यांची) यादी आणि अक्षरांच्या पॉइंटरांची यादी, दोन्हींचा यंत्रकोड बरेचदा तंतोतंत सारखा निघतो. अडचण अशी की दोन वेगळ्या फंक्शनांचे पत्ते वेगळे असतील, अशी हमी सी++ देते. म्हणून या विलीनीकरणाचा एक ‘सुरक्षित’ प्रकार आहे. ज्यांच्या पत्त्यांची तुलना होऊ शकते, अशा फंक्शनांना तो हात लावत नाही. दुसऱ्या, सरसकट प्रकाराने बांधलेला प्रोग्रॅम डीबगरमध्ये (चुका शोधण्याच्या साधनात) उघडला, की एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवणारी खूण) लावावा आणि थांबल्यावर पडद्यावर भलत्याच फंक्शनचं नाव दिसावं, असं होऊ शकतं. त्या पत्त्यावर आता दोन्ही नावं नांदत असतात.