दवाखान्याचा पहिला केसपेपर आधी आणा
(अपघात दाव्यासाठी आमच्या ऑफिसात येणाऱ्या पक्षकारांसाठी)

दाव्यासाठी येणाऱ्यांच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड असतं, एक्स-रे असतात, औषधांची बिलं असतात. एक कागद मात्र हमखास राहिलेला असतो. अपघातानंतर जिथे पहिल्यांदा नेलं, त्या ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर. "तिथे नुसती मलमपट्टी केली आणि मिरजेला पाठवलं" असं सांगतात. आम्हाला तोच कागद सगळ्यात आधी हवा असतो.

कारण दुखापत कशी झाली, याची एक ओळ डॉक्टरांनी त्यावर लिहिलेली असते. पोलिसांचं लचांड नको म्हणून बरोबरच्या माणसाने "गाडी घसरली" असं सांगितलं, की तेच लिहिलं जातं. पुढे ऑपरेशनचा खर्च समोर आल्यावर फिर्याद होते, की टेम्पोने मागून धडक दिली. विमा कंपनीचे वकील दवाखान्याचं मूळ रेकॉर्ड मागवतात आणि उलटतपासात एवढंच विचारतात, "पहिल्या दवाखान्यात घसरून पडलो असंच सांगितलं होतं ना?" मग केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांना समन्स काढायचं, तोवर त्यांची बदली झालेली, आणि तारखांवर तारखा. खरोखर धडक बसलेल्या माणसाचा दावा यात रखडतो, कधी फेटाळलाही जातो.

तशी नोंद असली म्हणजे सगळं संपलं असं नाही. माहिती कोणी दिली, जखमी शुद्धीवर होता का, पंचनाम्यात काय आलंय, हे सगळं न्यायाधिकरण, म्हणजे अपघात दाव्यांचं कोर्ट, बघतं. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा इथे लागत नाही. पण त्याची तयारी दावा दाखल करण्याआधी व्हायला हवी. माहिती देणारा माणूस, धडक पाहिलेला माणूस, दोघांना आम्हाला आधी भेटायचं असतं. म्हणून नोंद अडचणीची वाटली तरी लपवू नका, आणि डॉक्टरांना गाठून ती ओळ बदलून आणू नका. खाडाखोड केलेला कागद मूळ नोंदीपेक्षा जास्त नुकसान करतो.

बऱ्याचदा धडक देणारा ओळखीचाच असतो. "केस नको, खर्च मी करतो" म्हणतो, पहिलं बिल भरतो, आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी फोन उचलत नाही. त्याच्यावर गुन्हा नोंद होतो, हे खरं. पण गाडीचा विमा आणि त्याचं लायसन चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्याच्या घरादारावर येत नाही. संकोच वाटत असेल तर त्याला हे समजावून सांगा. हवं तर त्याला घेऊन या, आम्ही सांगतो.

खरोखरच घसरून पडला असाल तर तसंच सांगा. कुणाची तरी गाडी दाखवून दावा लावायचं काम आम्ही करत नाही, कितीही ओळखीतून आलात तरी. अशा दाव्यांमुळेच खऱ्या जखमींकडे संशयाने बघितलं जातं. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्हीच चालवत असाल, तर मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा आहे का ते पॉलिसीत बघा. मृत्यू किंवा ठरावीक कायमचं अपंगत्व आलं तर तो लागू होतो. पॉलिसी वाचून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.

"किती मिळतील?" हे तर सगळेच विचारतात. समजा 32 वर्षांचा गवंडी आहे, महिन्याची कमाई 15,000 धरली. वर्षाचे 1,80,000, त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,52,000. या वयाला गुणक 16, म्हणजे वर्षाच्या रकमेला 16 ने गुणायचं. कमाईची क्षमता 20 टक्क्यांनी घटली असं ठरलं तर 8,06,400 रुपये. दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळा. दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी जशीच्या तशी धरत नाहीत. गुडघा न वाकणं गवंड्याला जेवढं नडतं तेवढं टेबलावर बसून काम करणाऱ्याला नडत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय की त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम बघायचा. म्हणून तुम्ही नेमकं काय काम करता ते आम्ही खोदून खोदून विचारतो. त्याचा राग मानू नका.

1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. उपचार चालू असताना दावा लावता येतो, पुढची बिलं नंतर जोडता येतात. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा चालतो.

आमची फी टक्केवारीवर नसते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला तशी घेताच येत नाही. वॉर्डात येऊन "मिळाले तर निम्मे" म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही देऊ नका. आम्ही फी आधी सांगतो आणि पावती देतो. भरपाई थेट तुमच्या खात्यावर जमा होते, म्हणून पहिल्या भेटीला केसपेपरबरोबर पासबुकाची झेरॉक्सही आणा.