टर्की, डामा आणि जिभेखालची गोळी

इंटर्न असताना अस्थिरोग वॉर्डात मांडीचं हाड मोडलेला एक तरुण आला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं नाक गळू लागलं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात कळा. सगळे म्हणाले, गर्दुल्ला आहे, नाटक करतोय. ती टर्की होती, नशा तुटल्यावर शरीराने केलेला आकांत. ती उतरवणारं औषध कुणी दिलं नाही, मीही नाही. तिसऱ्या रात्री तो ऑपरेशन न करताच निघून गेला. केसपेपरवर शिक्का पडला 'डामा', म्हणजे सल्ला न मानता गेलेला. ते कागद आजही डोळ्यांसमोर येतात.

अफू मुंबईला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारातल्या बड्या असामींपैकी एक सर जमशेटजी जीजीभॉय. १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. पुढे गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देऊन निजवत.

१९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे अफूपासूनच बनणारं अशुद्ध हेरॉइन, आली आणि सगळंच बिनसलं. तिलाच गर्द म्हणतात. पन्नीवर गर्द ओढणारी पोरं पुलांखाली दिसू लागली. १९८५ साली एनडीपीएस हा अंमली पदार्थविरोधी कायदा झाला. रोख तस्करीवर होता, पण धाक डॉक्टरांनी घेतला. कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं, मग व्यसनी माणसाला ओपिऑइड गटातलं, म्हणजे अफूसारखंच काम करणारं, औषध कोण लिहून देणार? स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनापुरत्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४ अ याच कायद्यात आहे. ते मात्र फार थोड्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

तेव्हा उपचार म्हणजे भरती करा, टर्की काढा, घरी पाठवा. यात जीवघेणा धोका आहे. काही दिवसांत शरीराची सवय उतरते, ओढ मात्र तशीच राहते. बाहेर पडून माणूस जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ सालीच मेथाडोन हे ओपिऑइड गटातलं औषध रोज देऊन रुग्ण सावरतात हे दाखवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन आणि त्याच गटातलं ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे सरकारी पातळीवर हा उपचार पसरला तो एड्स नियंत्रणाच्या दारातून, सुईने नशा करणाऱ्यांमधला एचआयव्ही रोखायला. निव्वळ व्यसनासाठी तो एवढा पसरला असता का, मला शंका आहे.

ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी असं औषध देणाऱ्या केंद्रात हे काम शांतपणे चालतं. नर्स ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुरून जिभेखाली ठेवते, रुग्ण समोरच्या बाकावर तोंड मिटून बसतो, पूर्ण विरघळल्यावर जीभ उचलून दाखवतो आणि कामाला जातो. हमाल, रिक्षावाले, कचरा वेचणारे, सगळे येतात.

डॉक्टरने जपायचं ते एवढंच. पहिली गोळी टर्की सुरू झाल्याशिवाय द्यायची नाही. गर्दाचा अंमल असताना ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते त्याला हटवून स्वतः जागा घेतं आणि भयंकर टर्की लागते. म्हणून शेवटचं कधी घेतलं हे विचारायचं, आणि दरडावून विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू सोबत असेल तर श्वासाला धोका, तेही विचारून घ्यायचं. गरोदर बाईचं औषध अचानक तोडायचं नाही. जास्त नशेने थांबलेला श्वास परत आणणाऱ्या नालोक्सोनचं इंजेक्शन कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये असायलाच हवं, आणि त्याचा असर नशेच्या आधी उतरू शकतो म्हणून शुद्धीवर आलेल्या रुग्णाला लगेच घरी सोडायचं नाही.

आणि हाड मोडलेला रुग्ण ब्युप्रेनॉर्फिनवर असेल तर ऑपरेशनसाठी ते सहसा थांबवायचं नाही. भूलतज्ज्ञाशी बोलायचं आणि दुखण्याचं औषध त्यावर वेगळं, पुरेसं द्यायचं. त्याला ते इतरांपेक्षा जास्तच लागतं.