बारीक डोळ्यांची रंगभूषा

बारीक डोळे मोठे आणि मोकळे दिसावेत म्हणून काजळ, आयलायनर, आयशॅडो आणि मस्कारा यांची जागा, छटा व जाडी विचारपूर्वक ठरवून केलेली ही रंगभूषा आहे. सोलापुरातील ब्यूटी पार्लरमध्ये तिचा समावेश सरसकट ‘आय मेकअप’ या नावाखाली होतो, आणि लग्नसराईत तिची मागणी वाढते.

डोळा बारीक असतो म्हणजे नेत्रगोल लहान असतो असे नव्हे. प्रौढ माणसाच्या नेत्रगोलाचा व्यास साधारण 24 मिलिमीटर असून तो माणसागणिक फारसा बदलत नाही. फरक पडतो तो दोन पापण्यांमधल्या फटीमुळे. ही फट सरासरी 30 मिलिमीटर लांब आणि 10 मिलिमीटर उंच असते. ती एखाद्या मिलिमीटरने कमी भरली, वरच्या पापणीची घडी भुवईखालच्या त्वचेने झाकली गेली किंवा उणे क्रमांकाचा चष्मा लागला, की तोच डोळा बारीक वाटू लागतो. त्यामुळे अशा डोळ्यांना ‘मिचमिचे’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे, आणि रंगभूषेचे काम वैगुण्य लपवण्याचे नसून फटीची कड कोठे संपते याविषयी पाहणाऱ्याचा अंदाज किंचित बदलण्याचे आहे.

बेल्जियन शास्त्रज्ञ झोझेफ देलबफ यांनी 1865 मध्ये वर्णिलेल्या दृष्टिभ्रमात एखाद्या वर्तुळाभोवती त्याहून थोडेच मोठे वर्तुळ काढले, तर आतले वर्तुळ आहे त्यापेक्षा मोठे भासते. बाहेरचे वर्तुळ फारच मोठे केले, तर परिणाम उलटतो. आयशॅडोच्या बाबतीतही असेच घडते. पापणीच्या कडेलगत विरघळत गेलेली मंद छटा डोळ्याला विस्तार देते, तर भुवईपर्यंत चढवलेला गडद पट्टा त्याला गिळून टाकतो.

सोलापुरात या रंगभूषेला सर्वांत मोठा अडथळा येतो तो काजळाच्या सवयीचा. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी दोन्ही पापण्यांच्या आतून भरून घालण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. टपोऱ्या डोळ्यांना ती शोभते. बारीक डोळ्यांत मात्र खालच्या पापणीच्या आतली कड काळी झाली, की बुबुळाभोवतीचा पांढरा भाग आकसल्यासारखा वाटतो आणि डोळा मिटत आल्याचा भास होतो. म्हणून पहिली पायरी काही लावण्याची नसून खालचे काजळ काढण्याची आहे. त्या कडेवर बिस्किटी रंगाची पेन्सिल फिरवावी. शुभ्र पांढरी पेन्सिल गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर उपरी दिसते. काजळ घालायचेच असेल, तर ते वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी खालच्या बाजूने भरावे, म्हणजे केस दाट दिसतात आणि पापणीची जागा वाया जात नाही.

आयलायनरची रेघ आतल्या कोपऱ्याशी केसाइतकी बारीक ठेवून बाहेरच्या टोकाकडे जरा जाड करावी. पापणीच्या मध्यावर फिकट, किंचित चमकदार रंग लावावा. घडीची तपकिरी छटा मात्र चमक नसलेली असावी आणि ती प्रत्यक्ष घडीच्या थोडी वर द्यावी. घडी झाकलेली असल्यास ही जागा डोळे मिटून ठरवू नये, कारण मिटलेल्या पापणीवर सुरेख दिसणारा रंग डोळा उघडताच नाहीसा होतो. आरशात सरळ पाहत, डोळे उघडे ठेवूनच खूण करावी. कर्लरने (पापणीचे केस वळवण्याच्या चिमट्याने) वरच्या पापणीचे केस वळवून मग मस्कारा लावला, तर त्यांची सावली डोळ्यावर कमी पडते. माझ्या मते एवढी एक कृतीच बाकीच्या निम्म्या सामानाची उणीव भरून काढते.

रंगमंचाला हे तंत्र जुनेच आहे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिर या नाट्यगृहातील नाटक असो किंवा जिल्ह्यातील अकलूजची लावणी, कलावंताची नजर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी लागते. त्यासाठी खालची रेघ पापणीच्या कडेवर न काढता किंचित खाली काढून मधली जागा फिकट रंगाने भरतात. दिवसाउजेडी समोरासमोर मात्र हीच युक्ती लगेच उघडी पडते.

नवरीच्या बाबतीत वेगळा विचार करावा लागतो. मुंडावळ्यांच्या लडी कानशिलांवरून खाली येत असल्याने बाहेरच्या कोपऱ्यातून ओढलेली लांब रेघ त्यांच्यामागे झाकली जाते, आणि शहरातील तेलुगू भाषकांच्या लग्नात कपाळावर बाशिंग बांधले जात असल्याने नजर आधी तेथे खिळते. अशा वेळी आतल्या कोपऱ्यातला उजळ ठिपका आणि पापणीचा मध्य यांवर भर देणे अधिक फलदायी ठरते.

सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या वर जातो. तेला-मेणाचे काजळ त्यात टिकत नाही. ते खाली उतरून डोळ्याखाली काळी छाया धरते आणि डोळा पुन्हा लहान दिसतो. रंग धरून ठेवणारा प्रायमरचा थर, वर हलकी पावडर आणि जलरोधक जेल लायनर वापरल्यास वैशाखातील मुहूर्त निभावतो. होमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येतेच, तेव्हा ते पुसू नये, टिपावे.

गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेल्या सुरम्यात शिसे असते, त्यामुळे तो टाळावा. मस्कारा उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत बदलावा आणि त्याचा ब्रश दुसऱ्या कोणालाही देऊ नये. पार्लरमध्येही प्रत्येकीसाठी वेगळा ब्रश मागून घेण्यात संकोच नसावा. कॉन्टॅक्ट लेन्स रंगभूषेआधी घालावी आणि रंग उतरवण्याआधी काढावी. पापण्यांच्या कडेवर अश्रूंचा थर राखणाऱ्या तैलग्रंथींची तोंडे असतात, म्हणून झोपण्यापूर्वी तेलात किंवा मेकअप रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर काही क्षण ठेवून, न चोळता, वरून खाली पुसून घ्यावे.