परराष्ट्र सेवेचा अर्ज: गोव्याची मुलं अडतात ती कागदांवर

भारतीय परराष्ट्र सेवेसाठी वेगळी परीक्षा नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यायची आणि पसंतिक्रमात ही सेवा वर लिहायची. पदवी कुठल्याही शाखेची चालते. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते पुढे.

वय परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला मोजतात, अर्जाच्या तारखेला नव्हे. त्या दिवशी २१ पूर्ण हवीत आणि ३२ पूर्ण झालेली नकोत. म्हणजे १ ऑगस्टलाच बत्तिसावा वाढदिवस असेल तर संधी गेली, २ ऑगस्टला असेल तर आहे. ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सूट आहे. ईडब्ल्यूएसना, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना, वयात सूट नाही, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने सांगावं लागतं.

जन्मतारखेचा पुरावा म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे पालक नागरी नोंदणीचा जन्मदाखला प्लॅस्टिकमध्ये घालून जपून आणतात. आयोग तो मानत नाही, प्रतिज्ञापत्र मानत नाही, आणि जन्मपत्रिका चालणार नाही हेही नियमांत लिहिलेलं आहे! तेव्हा दहावीच्या कागदावर नावाची किंवा तारखेची चूक असेल तर ती बोर्डाकडून आधी दुरुस्त करून घ्या.

ओबीसींनो, राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे उपयोगाचा नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा आणि नॉन-क्रिमी लेयरचा, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा, दाखला केंद्राच्या नमुन्यातच मागा. तो अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात हवा. "साहेब रजेवर होते" हे आयोग ऐकून घेत नाही. कचेरीत खेपा घालायला लावणाऱ्यांना त्याचं काय!

आता खास गोव्याचं दुखणं. आयएएस, आयपीएस आणि परराष्ट्र सेवेसाठी उमेदवार भारताचाच नागरिक लागतो. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून घरच्यांनी कधीतरी एजंटाकरवी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, जन्माच्या नोंदी करून घेतलेल्या असतात, आणि मुलाला ते पुसटसं आठवतं. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व का, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर मात्र वादाला जागा नाही. भारतीय नागरिकत्व गेलं, आणि ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) ही नोकरी मिळत नाही. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी घरात स्पष्ट विचारा. नोंद निघाली तर वकिलाला दाखवा. लपवू मात्र नका, कारण नेमणुकीआधी पडताळणी होते.

परदेशात देशाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाची निष्ठा तपासली जाणारच. सेवेत गेल्यावरही बंधनं आहेत. परदेशी नागरिकाशी लग्न करायचं तर परवानगी लागते. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार नेमणुकीच्या देशात नफ्यासाठी धंदा करता येत नाही आणि तिथल्या अंतर्गत राजकारणात लुडबुड चालत नाही. शिवाय नेमून दिलेली परकी भाषा शिकून तिची परीक्षा पास व्हावी लागते.

मुख्य परीक्षेतल्या भारतीय भाषेच्या पात्रता पेपराला मराठी किंवा कोकणी, कुठलीही घ्या. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत, म्हणून "आपलीच भाषा" म्हणून सोडून देऊ नका.

पूर्वपरीक्षेला पणजी केंद्र आहे, पण तिथल्या जागा ठरलेल्या असतात आणि आधी अर्ज करील त्याला मिळतात. शेवटच्या रात्री फॉर्म भरणाऱ्याला परीक्षेसाठी राज्याबाहेर जावं लागू शकतं.