देवाशी भांडणारा धावा

पावसानं ओढ दिली की काही गावांत महादेवाची पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरतात. निकाल लागायचा असला किंवा क्रिकेटचा अंतिम सामना असला की 'देव पाण्यात ठेवलेत' असं आपण सहज म्हणतो, त्यामागे हाच रिवाज आहे. यात विनवणी कमी, अडवणूक जास्त. ऐकेपर्यंत तुझी सुटका नाही, असं देवालाच बजावलेलं असतं. संतांचे धावे वाचताना हा सूर कानात असलेला बरा.

'धावा' हा शब्द धावण्याशी जोडलेला. संकटात सापडलेल्यानं देवाला 'धाव' म्हणायचं. साचा पुराणांतला: नक्रानं पाय धरलेला गजेंद्र, भर सभेत विटंबना होणारी द्रौपदी. कीर्तनात ही आख्यानं आजही रंगतात. तिथे देव हाकेसरशी येतो. अभंगांतला देव मात्र पुष्कळदा येत नाही, आणि मग भक्ताची जीभ सुटते. 'पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन नव्हेसी म्हणुनी जातो माघारा' असं नामदेव तोंडावर ऐकवतात. जनाबाई तर 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' इथपासूनच सुरुवात करते. घरातल्या माणसालाच असं बोलता येतं.

कान्होपात्रेचा सूर निराळा. पंधराव्या शतकातली मंगळवेढ्याची ही गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहानं तिला बोलावणं धाडलं आणि ती पंढरीला विठोबाच्या आश्रयाला गेली, अशी कथा परंपरा सांगते. 'नको देवराया अंत आता पाहू' हा तिचा अभंग त्या प्रसंगाशी जोडला जातो. वाघानं धरलेलं हरिणीचं पाडस, हा त्यातला दाखला. भांडायलाही तिला उसंत नव्हती. तिनं तिथेच देह ठेवला म्हणतात. मंदिरातलं तरटीचं झाड तिचं म्हणून दाखवतात. 1931 साली तिच्यावरचं नाटक रंगभूमीवर आलं, कान्होपात्रेची भूमिका बालगंधर्वांची.

तुकोबांच्या आयुष्यात निराशेची कारणं मोजकी आणि ठोस आहेत. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' हे त्यांनीच लिहून ठेवलंय. इतक्या कोरड्या शब्दांत स्वतःच्या घराची वाताहत सांगणारी ओळ मला दुसरी आठवत नाही. पुढे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि ते नदीकाठी अन्नपाणी सोडून बसले. 'तेरा दिवस जाले निश्चक्र करितां, न पवसी अनंता मायबापा.' पुढे देवाला विचारतात, दगडाची खोळ पांघरून बसलास, तुला झालंय काय? तिथेच प्राण देईन आणि हत्या तुझ्या माथी घालीन, अशी धमकीही देतात. हे धरणं धरणंच झालं. वह्या कोरड्या वर आल्या ही श्रद्धेची गोष्ट. पण या तुकोबांनीच कधीतरी 'माझे लेखीं देव मेला' असंही म्हटलंय.

रामदासांच्या करुणाष्टकांत हा धावा वृत्तात बसला. 'अनुदिनि अनुतापें तापलों रामराया' ही मालिनी. दिवेलागणीला हात जोडून म्हणणाऱ्या पोरांना अनुताप कशाशी खातात हे ठाऊक नसायचं, चाल मात्र पक्की असायची. अठराव्या शतकात मोरोपंतांनी आपल्या आर्त स्तोत्राला 'केकावली' नाव दिलं. केका म्हणजे मोराची हाक, मेघासाठी घातलेली. नाव सुरेख, रचना तालेवार; पण इथवर येता येता धाव्याचा पाठ झाला होता.

चोखोबांचा धावा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत लांबला. 'धांव घाली विठू आतां चालूं नको मंद, बडवे मज मारिती ऐसा कांही तरी अपराध.' विठोबाचा हार चोखोबांच्या गळ्यात कसा आला, देव बाटला, असा आरोप. मारणारे कोण (बडवे म्हणजे विठोबाच्या देवळातले पुजारी), कशासाठी मारताहेत, सगळं अभंगातच आहे. जबाब नोंदवावा तसं. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या असं सांगतात. समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेरच.

दलितांसाठी ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी उपोषण सुटलं आणि मंदिर खुलं झालं. धाव्यात ज्यांचं नाव आहे त्या बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवण्यासाठी राज्यानं 1973 साली कायदा केला, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला 2014 उजाडलं.